असाध्य व्याधी आणि वैद्याची वाणी

रोगाची परीक्षा कशी करावी, औषधाची योजना कशी करावी, याचे शिक्षण आपणां सर्वांस साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मिळाले. इंद्रियस्थानाचे बारा अध्याय आपण वाचले, अरिष्टलक्षणे पाठ केली आणि मौखिक परीक्षेत ती म्हणूनही दाखविली. परंतु तेच लक्षण प्रत्यक्ष रुग्णात दिसल्यावर त्याच्याशी आणि शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मुलाशी काय बोलावे, हा प्रश्न विद्यार्थिदशेत सहसा कोणी विचारीत नसे. व्यवसायात मात्र तोच प्रश्न वारंवार पुढे येतो. जिल्ह्याच्या रुग्णालयातून अथवा मुंबई-पुण्याहून फाईल घेऊन आलेला रुग्ण आपल्यासमोर बसतो आणि विचारतो, "डॉक्टर, तुमच्या औषधाने गुण येईल का?" या एका प्रश्नाचे उत्तर आपण कसे देतो, त्यावर पुष्कळदा त्याच्या उरलेल्या आयुष्याची दिशा ठरते. या विषयाचा शास्त्राधार, आधुनिक विचार आणि आपल्या चिकित्सालयातील व्यवहार, असा तिहेरी परामर्श घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

साध्यासाध्यत्व : शास्त्राची भूमिका

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील महाचतुष्पाद अध्यायात व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे चार प्रकार सांगितले आहेत. असाध्य व्याधीची चिकित्सा करावयास जाणाऱ्या वैद्याच्या अर्थाची, विद्येची आणि यशाची हानी होते, असेही तेथे बजावले आहे. त्याच्या आधीच्याच अध्यायात वैद्यवृत्तीचे चार प्रकार येतात : सर्वांविषयी मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि मरणोन्मुख रुग्णाविषयी उपेक्षा. या 'उपेक्षा' शब्दाचा अर्थ प्रचलित मराठीत होतो तसा दुर्लक्ष अथवा तुच्छता असा घेऊ नये. जे होणार नाही त्याचा अट्टहास सोडून देणे, समभावाने पाहणे, असा त्याचा आशय आहे. कारुण्य याच यादीत आहे, आणि मरणोन्मुख रुग्णाइतका आर्त दुसरा कोण असणार?

अप्रिय वार्तेच्या कथनाविषयी संहितेत तीन महत्त्वाची स्थळे आहेत. पहिले विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील शिष्योपनयनाचे. रुग्णाचे आयुष्य क्षीण झाल्याचे कळले, तरी जेथे ते सांगितल्याने रुग्णाचा अथवा दुसऱ्या कोणाचा घात होईल तेथे ते सांगू नये, अशी आज्ञा गुरू शिष्यास देतो. दुसरे स्थळ इंद्रियस्थानाच्या शेवटच्या अध्यायातील. मरणसूचक लक्षणे दिसली तरी न विचारता मरण सांगू नये, आणि विचारल्यावरही जेथे ते घातक ठरेल तेथे सांगू नये, असे तेथे म्हटले आहे. तिसरे स्थळ चिकित्सास्थानातील उदररोगाचे. सर्व उपाय थकल्यावर विषप्रयोगासारखा अंतिम उपाय करावयाचा असेल, तर रुग्णाचे ज्ञाती, मित्र, पत्नी, गुरू इत्यादिकांना फलाविषयीचा संशय स्पष्ट सांगून आणि त्यांची अनुज्ञा घेऊनच वैद्याने कर्म करावे. सुश्रुताचार्यांनीही अश्मरीच्या शस्त्रकर्माविषयी, न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास संशय, अशी स्थिती सांगून अनुज्ञा घेऊनच पुढे जाण्यास सांगितले आहे.

ही तीनही स्थळे एकत्र वाचावयास हवीत. पहिल्या दोहोंच्या आधारे 'रुग्णास काहीच सांगू नये, असे शास्त्र सांगते' असा निष्कर्ष काढला जातो. तो अपुरा आहे. संहितेत सांगण्याचा निषेध सरसकट नाही. घात होईल अशा ठिकाणापुरता आहे. मौन बाळगण्याची आज्ञा आहे, खोटे आश्वासन देण्याची नाही. आणि जेथे चिकित्सेचा निर्णय घ्यावयाचा आहे तेथे तर संशय बोलून दाखविणे हे वैद्याचे कर्तव्यच मानले आहे.

आधुनिक वैद्यकाचा प्रवास

आधुनिक वैद्यकातही ही भूमिका पूर्वीपासून एकसारखी नव्हती. अमेरिकेत १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी, कर्करोगाचे निदान रुग्णास न सांगण्याकडे आपला कल असल्याचे नमूद केले होते. १९७९ साली तशाच प्रश्नावलीला मिळालेली उत्तरे नेमकी उलट होती; ९७ टक्क्यांचा कल सांगण्याकडे होता. अठरा वर्षांत उपचार सुधारले होते आणि रुग्णाच्या हक्काचा विचारही रुजला होता. कॅनडातील कर्करोगतज्ज्ञ रॉबर्ट बकमन यांनी १९९२ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांचा सहभाग असलेली 'स्पाइक्स' ही सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली प्रसिद्ध झाली आणि आज ती अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत शिकविली जाते.

भारतात आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांसाठी २००२ साली झालेल्या आचारविषयक विनियमांत, रोगाचे गांभीर्य फुगवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात, रुग्णाची संमती खरी ठरावयाची तर त्यास पुरेशी माहिती दिलेली असली पाहिजे, असा निर्णय दिला. २०१८ च्या निकालाने अंतिम इच्छापत्रास मान्यता मिळाली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सुलभ करण्यात आली. आपल्याला काय झाले आहे हेच ज्यास ठाऊक नाही, तो असे पत्र लिहिणार तरी कसे?

आपल्याकडे येणारे तीन प्रसंग

मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांपेक्षा आपली स्थिती थोडी निराळी आहे. अप्रिय वार्ता आपल्या वाट्यास तीन प्रकारे येते.

पहिला प्रसंग प्रथम शंकेचा. तंबाखू खाणाऱ्या रुग्णाच्या गालातील तीन आठवड्यांहून अधिक काळ न भरणारा व्रण, स्तनातील न दुखणारी गाठ, पाळी थांबल्यानंतर पुन्हा सुरू झालेला रक्तस्राव, घास गिळताना वाढत जाणारी अडचण. अशा वेळी 'पित्त आहे, पंधरा दिवस औषध घ्या' हे बोलणे सोपे असते. रुग्णासही तेच ऐकावयाचे असते. परंतु तोंडाचा अथवा स्तनाचा कर्करोग प्रारंभीच्या अवस्थेत सापडला, तर शस्त्रकर्म व अन्य उपचारांनी बरा होण्याची शक्यता चांगली असते. काही महिन्यांच्या विलंबाने तीच शक्यता हातची जाते. जो व्याधी आपल्या औषधांस प्रत्याख्येय आहे तो सर्व वैद्यकास प्रत्याख्येय असतोच असे नाही, हे येथे विसरता येत नाही. 'तुकडा काढला की गाठ पसरते', 'चाकू लागला की रोग वाढतो', या समजुती गावोगावी आहेत. त्या दूर करणे हाही या कथनाचाच भाग होय, आणि ते काम वैद्याने केल्यास रुग्ण जितके ऐकतो तितके अन्य कोणाचे ऐकेल असे नाही.

दुसरा प्रसंग परतून आलेल्या रुग्णाचा. वृक्कविकाराच्या रुग्णास डायलिसिस सांगितलेले असते. 'एकदा सुरू झाले की सुटत नाही' या धास्तीने तो आपल्याकडे येतो. त्याला वार्ता मिळालेली असते, पण ती त्याने स्वीकारलेली नसते. वस्तुतः डायलिसिसची सवय लागत नाही. वृक्क कायमचे निकामी झाल्यामुळे ते चालू ठेवावे लागते, आणि तात्पुरत्या विकारात ते बंदही होऊ शकते. एवढा खुलासा शांतपणे केला तरी पुष्कळ रुग्ण उपचारास तयार होतात. याउलट, 'आमच्याकडे या, डायलिसिस टाळू' असे एक वाक्य बोलले गेले तर त्याची किंमत रुग्ण प्राणाने मोजतो.

तिसरा प्रसंग खऱ्या अर्थाने अंतिम अवस्थेचा. सर्व उपचार झालेले असतात, रुग्ण घरी आणलेला असतो आणि कुटुंबाचे परिचित वैद्य म्हणून आपणांस बोलावणे येते.

कथनाचा विधी

स्पाइक्स पद्धतीच्या सहा पायऱ्या आणि आपले शास्त्र यांची सांगड घालून पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

१. स्थळ व वेळ. बाह्यरुग्णांच्या गर्दीत, पडदा अर्धवट ओढून, उभ्याउभ्या अशी वार्ता देऊ नये. रुग्णास शेवटी थांबावयास सांगावे, दार लावावे, भ्रमणध्वनी बंद ठेवावा आणि स्वतः बसावे. एकटाच एस.टी.ने आलेल्या रुग्णास शक्यतो घरच्या कोणास घेऊन येण्यास सांगावे. मात्र या निमित्ताने तपासणी लांबू देऊ नये.

२. रुग्णास काय ठाऊक आहे ते विचारणे. "काकू, तुमच्या दुखण्याविषयी आजवर तुम्हांला काय सांगितले आहे?" या प्रश्नाच्या उत्तरावरून अर्धे काम होते. पुष्कळदा असे आढळते की, घरच्यांनी लपविलेले सर्व रुग्णास ठाऊक असते. आपल्याकडे 'परळला टाटाला नेले' एवढे शब्द पुरेसे असतात.

३. किती जाणावयाचे आहे ते विचारणे. "रिपोर्टमध्ये आलेले सगळे तुम्हांला सांगू, की मुलाशी बोलू?" काही रुग्ण म्हणतात, "मुलालाच सांगा, मला नको." तोही त्यांचा निर्णय आहे आणि त्याचा मान राखावा. न विचारता मरण सांगू नये, या चरकवचनाचे मर्म या पायरीत आहे. सत्त्वपरीक्षेचाही येथे उपयोग होतो. प्रवरसत्त्व रुग्ण स्वतःस सावरतो, मध्यमसत्त्व इतरांच्या आधाराने सावरतो, तर अवरसत्त्व रुग्ण भीषण गोष्ट नुसती ऐकूनही विषादास प्राप्त होतो, असे विमानस्थानात वर्णन आहे. मध्यमसत्त्वास आधाराचे माणूस शेजारी बसवून सांगावे. अवरसत्त्वास दोन-तीन भेटींत, थोडे थोडे सांगावे.

४. प्रत्यक्ष कथन. आधी सूचना द्यावी : "रिपोर्ट आला आहे. आपल्याला वाटत होते तितका तो चांगला नाही." थोडे थांबावे. मग सोप्या शब्दांत सांगावे : "गाठ कॅन्सरची आहे." 'अर्बुद', 'मॅलिग्नन्सी', 'दुष्ट ग्रंथी' अशा शब्दांआड लपू नये, रुग्ण घरी जाऊन त्यांचा अर्थ शेजाऱ्यास विचारतो. एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि ती समजली का ते पाहावे.

५. भावनेस अवकाश देणे. वार्ता दिल्यावर आपण घाईने बोलू लागतो, कारण ती शांतता आपणांसच सहन होत नाही. परंतु त्या क्षणी पुढील उपचारांविषयी सांगितलेले फारसे काही रुग्णाच्या लक्षात राहत नाही. रडू येत असेल तर रडू द्यावे, पाणी द्यावे, थांबावे. राग आला तर तो रोगावरचा आहे, आपल्यावरचा नव्हे, असे समजावे.

६. पुढील योजना. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विभागात, कोणत्या दिवशी जावयाचे, सोबत कोणते कागद न्यावयाचे, हे कागदावर लिहून द्यावे. शासकीय योजनेचा लाभ मिळण्यासारखा असेल तर तेही सांगावे, कारण वार्ता ऐकल्यावर कुटुंबाच्या मनात पहिला प्रश्न बहुधा पैशाचाच येतो. पुढील भेटीचा दिवस ठरविल्याविना रुग्णास उठू देऊ नये. कोणास काय सांगितले याची तारखेसह नोंद केसपेपरवर करावी.

"आईला काही सांगू नका"

आपल्या समाजात निदान बहुधा आधी थोरल्या मुलास अथवा चुलत्यांस कळते आणि ते आपल्या खोलीत एकटे शिरून हे वाक्य उच्चारतात. त्यामागे माया असते, म्हणून त्यावर रागावू नये. त्यांच्या बाजूने शास्त्रवचनही आहे. रोग वाढविणाऱ्या भावांत विषाद श्रेष्ठ, असे चरकाचार्य अग्र्यसंग्रहात सांगतात. परंतु विषाद काही केवळ सत्य कळल्याने होत नाही. घरातील सर्वजण आपल्याला पाहून बोलणे थांबवितात, सून डोळे पुसते, लांबचे पाहुणे अकारण भेटून जातात, हे रुग्णास दिसत असते. तो मनातल्या मनात सर्वांत वाईट कल्पना करतो, आणि विचारावयाचे कोणास, हे त्यास कळत नाही. रुग्ण एकवेळ आई-वडील, मुले, आप्त यांविषयी शंका घेईल, पण वैद्यावर विश्वास टाकतो, असे सुश्रुताचार्यांनी म्हटले आहे. तो विश्वास या ठिकाणी पणास लागतो.

अशा वेळी नातेवाइकांस प्रथम विचारावे, "सांगितल्याने काय होईल अशी तुम्हांला भीती वाटते?" त्यांचे ऐकून घेतल्यावर आपली मर्यादा सौम्यपणे सांगावी : "दादा, आईंनी विचारले नाही तर मी त्यांच्यावर काही लादणार नाही. पण त्यांनी मला विचारले तर मी खोटे बोलणार नाही. सांगताना तुम्ही जवळ असाल असे पाहू." माझ्या अनुभवास आले आहे की, एवढे म्हटल्यावर बहुतेक मुले शांत होतात, त्यांनाही ते ओझे एकट्याने वाहावयाचे नसते. सत्य कळलेल्या व्यक्तीस शेतीची वाटणी, मुलीचे लग्न, बँकेतील कागद, कोणाशी राहिलेला अबोला, ही कामे स्वतःच्या हाताने उरकता येतात. हा काळ तिच्यापासून हिरावून घेण्याचा अधिकार आपणांस नाही.

बरे वाटणे आणि बरे होणे

'गुण येईल का?' या प्रश्नातील 'गुण' शब्द फसवा आहे. रुग्णाच्या मनात त्याचा अर्थ रोग जाणे असा असतो. आपण 'हो' म्हणतो तेव्हा आपल्या मनात भूक सुधारणे, झोप लागणे, मळ साफ होणे एवढेच असते. मराठीत 'बरे वाटणे' आणि 'बरे होणे' असे दोन स्वच्छ शब्दप्रयोग आहेत. त्यांचा भेद दरवेळी उघड करून सांगावा : "या औषधाने भूक लागेल, अंगात थोडी शक्ती वाटेल. गाठ जाणार नाही. गाठीसाठी शस्त्रक्रिया करावीच लागेल." वाक्य लहान आहे, पण असे बोलणाऱ्या वैद्यावर पुढे दोष येत नाही आणि रुग्णाची दिशाभूलही होत नाही.

'माझ्या हातून असे रुग्ण बरे झाले आहेत', 'काही होत नाही, घाबरू नका', 'फार उशीर केलात', 'आता घरी न्या, काही उरले नाही', ही वाक्ये कटाक्षाने टाळावीत. पहिली दोन खोटी आशा देतात, तिसरे अपराधी करते आणि चौथे रुग्णास वाऱ्यावर सोडते. 'किती दिवस?' असे विचारल्यास नेमकी संख्या सांगू नये; दिवसांत, आठवड्यांत की महिन्यांत, एवढाच अंदाज, तोही अनिश्चित असल्याचे सांगून द्यावा.

औषधविक्रेत्यांचे स्थान

पुष्कळ रुग्ण आपल्याआधी औषधाच्या दुकानात जातात. रिपोर्ट पुढे करून 'यावर काही आहे का?' असे विचारतात. तेथे निदान सांगू नये, रिपोर्टचा अर्थ लावू नये, आणि 'हे घेऊन पाहा' असे तर मुळीच म्हणू नये. "हा रिपोर्ट ज्यांनी काढायला सांगितला त्यांना आजच दाखवा" हे उत्तर पुरेसे आहे. कर्करोग, मधुमेह, पक्षाघात अशा रोगांवर औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने बंदी आहे, हे दुकानात फलक लावताना ध्यानात असावे. सहा महिन्यांच्या औषधाचे एकगठ्ठा पैसे घेणे कायद्यात बसो वा न बसो, असाध्य रुग्णाच्या बाबतीत ते धर्मात बसत नाही. सात-सात दिवसांचे औषध द्यावे.

कथनानंतर

वार्ता दिली म्हणजे वैद्याचे काम संपले असे नव्हे. याप्य रुग्णास चिकित्सा कशी धरून ठेवते, हे सांगताना सुश्रुताचार्य कोसळू पाहणाऱ्या घरास दिलेल्या टेकूचा दृष्टान्त देतात. अंतिम अवस्थेतील रुग्णास मुखपाक, मलावष्टंभ, शय्याव्रण, अनिद्रा, अरुची यांसाठी आपण पुष्कळ काही करू शकतो. तीव्र वेदनेसाठी मात्र मॉर्फीनसारख्या औषधाची गरज असते आणि त्यासाठी वेदनाशामक सेवेकडे पाठविणे हे आपले काम आहे. २०१४ च्या कायदादुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फीन उपलब्ध करून देणे सुलभ झाले आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८६ पासून कार्यरत असलेले शांती आवेदना सदन, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा वेदनाशामक विभाग, पुण्यात वारजे येथील सिप्ला केंद्र, ही नावे प्रत्येक वैद्याच्या टेबलावर असावीत. आपल्या जिल्ह्यातील सोय कोठे आहे, हे जिल्हा रुग्णालयात विचारून ठेवावे.

आठवड्यातून एकदा रुग्णाच्या घरी जाऊन नाडी पाहणे, दहा मिनिटे बसणे, यास औषधाइतकेच मोल आहे. मृत्यूनंतर एकदा जाऊन आल्यास कुटुंबाची 'आपण काही कमी तर केले नाही ना' ही टोचणी हलकी होते.

उपसंहार

सारांश, सत्य आणि करुणा यांत निवड करावयाची नसून सत्य करुणेने कसे सांगावे, एवढेच शिकावयाचे आहे. ते कौशल्य आहे. निदान आणि पंचकर्म जसे अभ्यासाने येते तसेच तेही अभ्यासाने येते. संघटनेच्या जिल्हा शाखांनी आपल्या मासिक सभांत एखादा तास या विषयास द्यावा, दोन वैद्यांनी रुग्ण व नातेवाईक बनून संवादाचा सराव करावा, नवपदवीधरांना ज्येष्ठांनी अशा भेटीच्या वेळी सोबत बसवावे, अशी विनंती आहे. वैद्यबंधुभगिनींनी आपले अनुभव त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत.